पेडलला बांधलेली तार

"तुम्ही वर गेलातच कशाला?"

हा प्रश्न मला पोलिसांनी विचारला, माझ्या नणंदेनं विचारला, आणि मिरजेच्या दवाखान्यात रक्त द्यायला आलेल्या एका अनोळखी माणसानंही विचारला. विचारणारे सगळे जमिनीवर उभे असतात. मी वायरमन आहे. दिवे छताला लागतात, केबलचे ट्रे गर्डरखालून जातात, त्यामुळं वर जाणं हेच माझं काम आहे. मी वर का गेले हे विचारायचं आणि मला वर ज्या मशीनमधून पाठवलं त्याचं काय करून ठेवलं होतं हे विचारायचं नाही, याचा मला आजही इतका राग येतो की लिहिताना पेन कागदात रुततं.

मी पलूसची. आयटीआयला वायरमनचा कोर्स केला तेव्हा वर्गात मुली नावालाच होत्या. लग्नानंतर आधी घरांची फिटिंग केली, मग गोठे, मग पोल्ट्री, आणि हळूहळू मोठ्या शेडची कामं मिळायला लागली. नवरा टेंपो चालवतो. त्यानं कधी अडवलं नाही, नातेवाईक बोलायचे ते बोलायचे.

दोन-तीन वर्षांपूर्वी तासगावच्या बाजूला बेदाणा ठेवायचं एक कोल्ड स्टोरेज उभं राहत होतं. उंच पत्र्याचं शेड, आत लोखंडी गर्डर. वायरिंगचं काम माझ्याकडं आलं. तिथं पहिल्यांदा मी बूम लिफ्टमध्ये चढले. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. चार चाकांवरचं एक जड मशीन, त्यावर लांब लोखंडी हात, आणि हाताच्या टोकाला दोन माणसं उभी राहतील एवढी कठड्याची बास्केट. बास्केटमध्येच दांडकी आणि बटणं असतात, आतला माणूस तिथूनच मशीन चालवतो. पायाखाली एक पेडल असतं. पेडल दाबून धरलं तरच मशीन हलतं. पाय उचलला की जागच्या जागी थांबतं. माणूस घाबरला, तोल गेला, चक्कर आली, तर पाय आपोआप सुटतो आणि मशीन थांबतं. एवढ्यासाठीच ते पेडल.

बूम चालवायला कडेगावकडचा एक माणूस होता. सैन्यात जड गाड्या आणि क्रेन चालवून निवृत्त झालेला, घरी ऊस. साइटवर सगळे त्याला फौजी म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा. बोलणं कमी. सकाळी मशीनला एक फेरी मारायचा, चाकं बघायचा, तेल कुठं गळतंय का बघायचा. मग ज्या जमिनीवरून मशीन न्यायचं ती स्वतः चालून यायचा, टाच आपटत आपटत. मला हसू यायचं.

"काय हुडकताय फौजी?"

"भुसभुशीत कुठं हाय ते. वर गेल्यावर दिसत न्हाई ताई. वरनं सगळी जमीन सारखीच दिसती."

बास्केटमध्ये चढलं की बेल्टचा हूक कठड्याच्या कडीत अडकवायचा, आणि तो अडकलाय का हे स्वतः ओढून बघायचा. माझाही बघायचा. जागा बदलायची झाली तर आधी बूम पूर्ण खाली घ्यायचा, मग मशीन पुढं न्यायचा, मग परत वर. खाली एक माणूस कायम उभा असायचा, आणि खालच्या पॅनलला किल्ली लावलेली असायची. वरच्या माणसाला काही झालं तर खालून उतरवता यावं म्हणून. यात काही मोठी विद्या नव्हती. मशीनच्या अंगावर चित्रं काढून लिहिलेलं असतं सगळं. सुपरवायझरला ते माहीत होतं, ठेकेदाराला माहीत होतं. आमच्याकडं कुणी अडाणी नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

मग द्राक्षाचा हंगाम जवळ आला. बेदाणा यायच्या आत शेड सुरू करायचं, असा मालकाचा तगादा ठेकेदाराकडं, ठेकेदाराचा सुपरवायझरकडं. सुपरवायझर सांगलीचा, कायम इस्त्रीच्या शर्टात. त्यानं आधी आमचा खालचा माणूस पत्रे वाहायला लावला. नंतर एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी खालच्या पॅनलशी खेळत होतं, तर त्यानं किल्लीच काढून खिशात टाकली. फौजीनं विचारलं तर म्हणाला, "माझ्याकडं आहे ना, फोन करायचा, मी येतो."

आणि एक दिवस सकाळी तो बायंडिंगची तार घेऊन स्वतः बास्केटमध्ये चढला. सळया बांधायची साधी तार. पेडल खाली दाबलं आणि तारेचे वेढे घालून पक्कं आवळलं. पेडल कायमचं दाबलेलं राहिलं.

फौजी म्हणाला, "साहेब, ती तार काढा. पाय उचलला की मशीन थांबावं म्हणून हाय ते."

"थांबून थांबूनच वेळ जातोय. आणि दर वेळी बूम खाली घ्यायचं नाटकही आता बंद. वरच्या वर पुढं घ्यायचं."

"खालची जमीन सारखी न्हाई."

"जमत नसेल तर तसं सांगा. जतचा एकजण यायला तयार आहे."

मी म्हणाले, "निदान किल्ली तरी लावून ठेवा खाली."

त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. फौजी तार सोडवायला वाकला तसा म्हणाला, "हात लावलात तर गेटच्या बाहेर. दोघंही." आणि तिथंच उभा राहिला, आम्ही चढेपर्यंत.

फौजी मला हळूच म्हणाला, "ताई, आज तुमी खाली ऱ्हावा. मी एकटा बघतो."

पण ट्रे एकट्याला धरता येत नाही. एकानं धरायचा, दुसऱ्यानं बोल्ट आवळायचे. मी चढले. म्हणून गेले मी वर. ज्यांना उत्तर हवं होतं त्यांच्यासाठी हे उत्तर.

सकाळ नीट गेली. फौजी मशीन मुंगीच्या पावलानं हलवत होता. दर वेळी मला कठड्यावरून खाली बघायला सांगायचा, पुढं काही आडवं आहे का. जेवणानंतर सुपरवायझर कुणाला तरी घेऊन तासगावात हॉटेलला गेला. आम्ही परत चढलो.

आदल्या दिवशी शेडमधून आडवी चर खणून सांडपाण्याचा पाइप टाकला होता. चर नुसत्या मोकळ्या मातीनं बुजवली होती, वरून मुरूम पसरला होता. ना दाबली होती, ना खूण केली होती, ना आम्हाला कुणी सांगितलं होतं. मी वरून वाकून बघितलं. मुरूम दिसला. सगळीकडं मुरूमच होता. मी म्हणाले, घ्या पुढं.

पुढचं चाक चरीत रुतलं. खाली वीतभर खड्डा असेल, पण एवढ्या लांब हाताच्या टोकाला त्याचा मोठा हेलकावा बसतो. मी बास्केटच्या फरशीवर आपटले, हेल्मेट कठड्यावर वाजलं. बेल्ट नसता तर मी बाहेरच गेले असते. फौजी पुढं पॅनलवर पालथा पडला आणि बूम वर न्यायचं दांडकं त्याच्या छातीखाली दाबलं गेलं. पेडल बांधलेलं. मशीन वर जाऊ लागलं. मी मान उचलली तोवर त्याची पाठ गर्डरला लागली होती, छाती पॅनलवर होती, आणि मशीन त्याला गर्डरवर दाबतच होतं. मशीनला काय कळतंय.

त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता. ओरडायला हवा लागते.

थांबवायचं लाल बटणही त्याच्या अंगाखाली होतं. मी कमरेची पक्कड काढली, सरपटत गेले आणि पेडलची तार तोडली. एक वेढा, दुसरा, मग सगळी. पेडल उसळून वर आलं आणि मशीन थांबलं.

पण थांबलं म्हणजे त्याला दाबूनच थांबलं. खाली घ्यायची दांडकी त्याच्या छातीखाली. मी कठड्याला धरून खाली ओरडले, "बूम खालनं उतरवा." गवंडी, पत्रेवाले, वेल्डर, सगळे धावत आले. कुणीतरी ओरडलं, "किल्ली न्हाई हितं." एकानं सुपरवायझरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. मी वरून बघत होते, तो माणूस फोन कानाला लावून माझ्याकडं बघतोय आणि मान हलवतोय.

फौजीचे ओठ काळेनिळे व्हायला लागले होते. मी त्याच्या तोंडापाशी गेले.

"फौजी, किल्लीबिगर कसं उतरवायचं? सांगा मला."

त्यानं डोळे उघडले. एकेक शब्द येत होता, मध्ये बराच वेळ काही नाही.

"मागनं... झाकण... हाय. आत... पंप."

मी ओरडले, मागचं झाकण उघडा, आत हातानं मारायचा पंप आहे. वेल्डरनं झाकण उघडलं. "घावला, पंप घावला. मारू का?"

"थांबा," मी म्हणाले. "फौजी, नुसता पंप मारायचा?"

"लाल... लाल दाबून... मग."

मी खाली सांगितलं, आधी पंपाजवळचा लाल खटका दाबून धरा, मग पंप मारा. वेल्डरनं गडबडीत दुसराच खटका दाबला. बूम बाजूला थरथरला आणि फौजीनं डोळे पांढरे केले. मी वेल्डरला शिवी दिली. आयुष्यात कुणाला दिली नव्हती तसली. मग त्याला लाल सापडला. एकजण दाबून धरत होता, दुसरा पंप मारत होता. बोटभर खाली आलं. मग आणखी बोटभर. पाठ आणि गर्डरमध्ये फट दिसली आणि फौजीनं श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज कापड फाटल्यासारखा होता. मी त्याला मागून धरलं आणि आम्ही तसेच, इंचाइंचानं, खाली आलो.

तो जमिनीवर आडवा होता, डोकं माझ्या मांडीवर, आणि सुपरवायझर आला. बडीशेप चघळत आला. त्यानं फौजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदा काय केलं तर बास्केटमध्ये चढला. तारेचे तुकडे गोळा केले आणि खिशात घातले. माझ्यासमोर. माझ्या मांडीवर माणसाचं डोकं होतं, मला उठता येत नव्हतं, हे त्याला दिसत होतं.

तासगावातून फौजीला मिरजेला हलवलं. बरगड्या मोडल्या होत्या, एक फुप्फुस बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ तसाच अडकून राहिला असता तर इथं आणायची वेळच आली नसती. मी पोलिसांना जबाब दिला. तार कुणी बांधली, किल्ली कुणाच्या खिशात होती, चर कशी बुजवली, सगळं सांगितलं. लिहून घेणारा म्हणाला, "तार कुठं आहे?" मी म्हणाले, सुपरवायझरच्या खिशात. तो हसला.

नंतर ठेकेदाराचा भाचा आमच्या घरी आला, सफरचंदांची पेटी घेऊन. नवरा टेंपो घेऊन बाहेर होता. खुर्चीवर बसला, चहा घेतला. अहो ताई, तुम्ही किती धीराच्या, असं म्हणाला. मग म्हणाला, "आता ऑपरेटरनंच तार बांधली असेल तर तुम्हाला कसं कळणार? तुम्ही आपल्या कामात. आठवत नाही म्हणा, विषय संपला."

"मला आठवतंय."

तो भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडं बघत राहिला. मग चहाचा कप खाली ठेवला. तोवर मी तुम्ही होते, तिथून पुढं तू झाले.

"लोक काय म्हणतायत ऐकलंस का? बास्केटमध्ये बाईमाणूस सोबत होतं, गप्पा चालल्या होत्या, त्याचं लक्ष नव्हतं. आम्ही नाही म्हणत, लोक म्हणतायत. कोर्टात हे सगळं निघणार."

मी पेटी उचलली आणि दारात नेऊन ठेवली. म्हणाले, "घेऊन जा." 

लोक खरंच म्हणायला लागले. ते कुठून सुरू झालं हे कळायला फार डोकं लागत नाही. माझ्या नणंदेपर्यंत आलं. नवऱ्याच्या टेंपोस्टँडवर आलं. नवरा घरी येऊन म्हणाला, "मी एकाची कॉलर धरली आज," आणि जेवायला बसला. एका माणसाच्या बरगड्या मोडल्यात आणि लोकांना बास्केटमध्ये बाई का होती याची पडली होती. ती बाई तिथं बोल्ट आवळत होती.

फौजीच्या बायकोला भेटायचं मला जिवावर आलं होतं. तिच्याही कानावर गेलं असणार. तरी गेले. ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर थर्मास. मला बघून बाजूला सरकली. मी बसले. 

मग ती म्हणाली, "मला एकच सांगा. तार कुणी बांधली?"

"सुपरवायझरनं."

"तुमच्या म्होरं?"

"माझ्यासमोर. फौजी काढायला लागले तर त्यानं काढू दिली नाही."

"ह्ये पोलिसात सांगितलंय?"

"सांगितलंय."

"मग दुसरं मला काय बी इचारायचं न्हाई." तिनं थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि मला दिला. "आत जाऊन या. तुमची वाट बघत्यात."

फौजीच्या छातीला नळी होती. त्यानं हात हलवला. बोलू नका म्हणून मीच सांगितलं.

काही दिवसांनी फौजीची बायको, जिला मी आता वहिनी म्हणायला लागले होते, मला म्हणाली, त्यांची पिशवी आणि बूट साइटवरच राहिलेत, चला आणू. मला तिकडं पाय ठेवायचा नव्हता, पण त्यांना एकटीला कसं पाठवणार. गेटवरच्या माणसानं आम्हाला अडवलं नाही, बहुतेक ओळखलं नाही. आम्ही शेडच्या दारात पोचलो आणि मी थांबले. तेच मशीन चालू होतं. बास्केटमध्ये नवा माणूस होता. बूम वर होता आणि चाकं फिरत होती. मशीन आमच्या दिशेनंच सरकत होतं, आणि तो माणूस कठड्याला पाय लावून, दोन्ही पाय पेडलपासून लांब ठेवून उभा होता.

मी वहिनींना म्हणाले, "परत तसंच बांधलंय."

त्यांनी पदर खोचला, चालत गेल्या आणि मशीनच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. वरच्या माणसानं दचकून मशीन थांबवलं.

"खाली ये," त्या म्हणाल्या. आवाज चढवलाच नाही. "लेकरंबाळं असतील तुला. खाली ये."

सुपरवायझर कुठूनतरी पळत आला. "अहो बाई, इथं यायला परवानगी नाही. बाजूला व्हा, काम चालू आहे."

"मी ज्याची बायकू हाय त्यो मिरजेला पडलाय," त्या म्हणाल्या. "न्हाई सरकत. घाला अंगावर."

सगळं शेड थांबलं. पत्रेवाले वरून बघायला लागले. नवा माणूस खालीवर बघत होता. शेवटी त्यानं बूम खाली घेतला, बास्केटचं दार उघडलं आणि बाहेर आला. मी आत चढले. नव्या तारेचे वेढे होते, जुन्यापेक्षा नीट घातलेले. या वेळी मी मोबाईलमध्ये फोटो काढला, पाच-पंचवीस तरी काढले असतील. सुपरवायझर फोन हिसकावायला आला तर तो वेल्डर मध्ये आला, ज्याला मी शिवी दिली होती. म्हणाला, "हात लावायचा न्हाई गड्या बाईला."

त्या फोटोंमुळं सरकारी माणसं आली. त्याआधीही एकदा येऊन गेली होती, पण बास्केटमध्ये कुणी डोकावलं नव्हतं. मशीन सील झालं. काम काही दिवस बंद पडलं. सुपरवायझरला दुसऱ्या साइटवर पाठवलं, साताऱ्याकडं कुठंतरी. तो तिथं काय बांधतो हे मला माहीत नाही. केस चालू आहे. तारीख पडते, आम्ही जातो, ठेकेदाराची माणसं येत नाहीत, पुढची तारीख पडते. कोल्ड स्टोरेज मात्र हंगामाला सुरू झालं. बँडबाजा होता म्हणे, जेवणावळी झाल्या.

फौजी वाचला. जिना चढताना मध्येच थांबतो, वजन उचलत नाही. ऊस भाऊ बघतो. मागं भेटायला गेले तर गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. म्हणाला, "ताई, तुमी त्या वेल्डरला शिवी दिली ती मी ऐकली बरं का. तवा मला वाटलं, अजून जिता हाय मी." हसायला लागला आणि हसताना खोकला आला. वहिनी आतून ओरडल्या, हसू नका म्हणून सांगितलंय ना डॉक्टरनी.

मी अजून कामं करते. कटकटी बाई म्हणून दोन ठेकेदार आता बोलवत नाहीत. नाही तर नाही. बाकीच्यांकडं मी आधी मशीन बघते, मग चढते, आणि नाही पटलं तर बसून राहते. लोक म्हणतात राग कमी करा, तब्येतीला बरा नाही. कमी कसा करू? दर महिन्याला काहीतरी दिसतंच.

परवा कडेगावहून एसटीनं येत होते. स्टँडच्या थोडं पुढं एक जेसीबी उभा होता, बकेट वर उचललेलं, आणि त्या बकेटच्या दातांमध्ये पाय रोवून एक माणूस खांबाला वाढदिवसाचा फ्लेक्स बांधत होता. बेल्ट नाही, कठडा नाही. शेजारून विजेची तार गेलेली. मी कंडक्टरला म्हणाले, थांबवा, आणि उतरले.

जेसीबीवाल्याला म्हणाले, "खाली घे त्याला."

"आवं मावशी, दोन मिनिटाचं काम हाय."

"हळू घे. पण खाली घे."

वरचा म्हणाला, "बाई, तुमचं काय जातंय?"

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. गर्दी जमली. शेवटी जेसीबीवाल्यानं कंटाळून बकेट खाली घेतलं आणि कुणीतरी पलीकडच्या दुकानातून शिडी आणली. शिडी लाकडी होती, खालचा एक पाय थोडा आखूड. एसटी निघून गेली. फ्लेक्सवरच्या माणसाला मी ओळखत नव्हते. विजेच्या तारेपासून लांबच्या बाजूनं शिडी लावायला लावली, आखूड पायाखाली विटेचा तुकडा सरकवला, आणि तो बांधून खाली उतरेपर्यंत दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिले. तोंडानं त्याला शिव्या चालूच होत्या.